इंजिनातलं श्रीखंड

दिगंबरपंत मेहेंदळ्यांच्या गाडीच्या इंजिनात श्रीखंड सापडलं, तो दिवस सम तारखेचा होता. तारखेचा उल्लेख उगाच करत नाही. सदाशिव पेठेतल्या त्या गल्लीत सम तारखेला गाड्या एका बाजूला लावायच्या आणि विषम तारखेला दुसऱ्या, असा नियम होता, आणि पंतांच्या निळ्या डिझेल गाडीचं सगळं आयुष्य ह्या नियमावर चाललेलं होतं. रोज सकाळी चहा झाला की पंत खाली उतरत, कव्हर काढून त्याची घडी घालत, काच पुसत, किल्ली फिरवत, आणि इंजिन धडधडलं की गाडी ह्या फुटपाथवरून त्या फुटपाथला नेऊन लावत. मग इंजिन बंद, कव्हर पुन्हा अंगावर, आणि पंत वर जाऊन दुसरा चहा मागत. झाला गाडीचा प्रवास. महिना एकतीस दिवसांचा असला की एकतीस आणि एक अशा दोन विषम तारखा लागोपाठ येत. ती गाडीची आणि पंतांची हक्काची रजा.

पुण्याबाहेरच्या माणसाला हे चमत्कारिक वाटेल. गाडी आहे तर माणूस कुठे जात का नाही, असं तो विचारेल. ज्याला पेठेत गाडी लावायला जागा शोधावी लागलेली नाही, तोच असले प्रश्न विचारू शकतो. पंतांनी एका बाजूला आपल्या गॅलरीखालची आणि दुसऱ्या बाजूला बुचाच्या झाडाखालची, अशा गल्लीतल्या दोन सर्वोत्तम जागा राखल्या होत्या. कागदोपत्री नव्हे, केवळ सातत्याच्या बळावर. एकदा गाडी घेऊन सिंहगडाला जाऊन या, की संपलं. परत येईपर्यंत तिथे कुणीतरी ठाण मांडलेलं असणार, आणि मग आपली गाडी पार नारायण पेठेत नदीच्या बाजूला कुठेतरी लावून चालत घरी यायचं. समोरच्या इमारतीतले रंगनाथराव गोडबोले नेमकं हेच करत होते. रोज नारायण पेठेतून चालत येताना ते पंतांच्या गाडीकडे अशा नजरेनं पाहत, की पंत गॅलरीतून खाली येऊन कव्हरच्या गाठी पुन्हा तपासून जात.

गाडी घेऊन दिली होती चिरंजीव आमोदनं. तो हिंजवडीला नोकरीला लागला आणि वर्षभरात कंपनीनं त्याला अमेरिकेला धाडलं. जाताना आईबाबांना फिरायला म्हणून तो गाडी ठेवून गेला. त्या वर्षांत निम्म्या पेठेची मुलं अमेरिकेत होती आणि त्यांनी घेऊन दिलेल्या वस्तू आईवडील कव्हरं शिवून जपत होते. आमोद दर आठवड्याला फोनवर विचारी, "बाबा, गाडी चालवता ना?" पंत छातीठोकपणे सांगत, "रोज!" आणि यात असत्याचा लवलेशही नव्हता.

हेमाताईंना मात्र हा प्रकार सहन होत नव्हता. कोथरूडला लग्न असलं तर रिक्षा, साताऱ्याला थोरल्या बहिणीकडे जायचं तर स्वारगेटहून एसटी. दारात गाडी असून एसटीच्या रांगेत उभं राहणारी बाई म्हणून साताऱ्यात त्यांची ओळख झाली होती. अशात भाचीचं, म्हणजे भाग्यश्रीचं, डोहाळजेवण ठरलं. हेमाताईंनी पंतांच्या देखत बहिणीला फोन लावला आणि म्हणाल्या, "कौशल्याताई, या रविवारी आम्ही आमच्या गाडीनं येतोय." मग फोन ठेवून पंतांकडे वळल्या. "मी शब्द दिलाय. या वेळी नेलं नाहीत तर गाडी विकायची. आमोदला मीच सांगते, की बाबांना गाडी नको होती, जागा हवी होती."

हे वाक्य पंतांना लागलं, कारण ते खरं होतं. गाडीवर त्यांचा जीव होता. मुलानं आपल्या पहिल्या मोठ्या कमाईतून घेतलेली गाडी कुणा परक्याला देऊन टाकायची, या कल्पनेनं त्यांना जेवण गेलं नाही. जायचं तर जायचं, असं मनाशी ठरवून त्यांनी सोमवारी सकाळी, आयुष्यात पहिल्यांदाच, स्वतःच्या हातानं बॉनेट उघडलं. ऑइल बघावं म्हणून इंजिनावरचं गोल झाकण फिरवून काढलं, उलटं केलं, आणि ते जागच्या जागी थिजले.

झाकणाच्या आतून पिवळसर, दाट, तुकतुकीत असं काहीतरी बोटभर जाडीनं चिकटलेलं होतं. केशर घालून नुकतंच फेटलेलं असावं, तसं. पंतांनी ऑइल मोजायची पट्टी ओढून पाहिली. तिच्यावर काळंभोर ऑइल दिसायला हवं, तर पट्टीला दूध जास्त झालेल्या चहाचा रंग.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. दिगंबरपंतांची सगळी नोकरी सरकारी दूध योजनेच्या प्रयोगशाळेत गेली. दुधात पाणी घालणाऱ्यांचा कर्दनकाळ म्हणून त्यांचा लौकिक होता. त्यांची नुसती सायकल दिसली तरी गवळ्यांचे चेहरे उतरत. आणि अशा माणसाच्या स्वतःच्या इंजिनात पाणी निघावं! दुसऱ्या कुणाच्या गाडीत निघतं तर त्यांनी सहानुभूती दाखवली असती. इथे त्यांना अपमान वाटला.

"काय झालं पंत?" रंगनाथराव समोरून रस्ता ओलांडून आलेच. त्यांनी झाकणात डोकावून पाहिलं. "वा! चारोळ्या नाहीत का?"

"इंजिनाचा प्रश्न आहे, रंगनाथराव."

"ते दिसतंय. डिझेल घेऊ नका म्हणून मी त्याच वेळी सांगितलं होतं."

रंगनाथरावांनी त्या वेळी असं काही सांगितलेलं नव्हतं. गल्लीत कुणाचंही काहीही बिघडलं, की ते आपण आधीच सांगितलेलं असतं, ही त्यांची पद्धत होती.

एवढ्यात वरच्या मजल्यावर खोली घेऊन राहणारा योगेश खाली आला. हा यवतमाळचा, हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये. त्यानं झाकणाचा मोबाइलवर फोटो काढला आणि संध्याकाळी ऑफिसातून छापील कागदांचा गठ्ठाच घेऊन आला. "काका, मी नेटवर पूर्ण रिसर्च केला न. इंजिनचं पाणी ऑइलमधे जाऊन राहिलं. हेड गॅस्केट, म्हणजे पाणी न् ऑइल वेगळं ठेवणारं सील, ते असू शकते, ऑइल कूलर असू शकते, आणि वर्स्ट केसमधे लायनरच क्रॅक असते. मंग इंजिन टोटल डेड."

"इतकं सगळं एकदम?"

"नाही काका, यातलं कोणतंही एक. पण लोकं म्हणतात, टेन्शन नका घेऊ."

हे लोक कोण, कुठल्या देशात बसून म्हणत होते, ते योगेशलाही ठाऊक नव्हतं. पण पंतांनी टेन्शन घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी नेहमीसारखी पलीकडे लावून होताच धायरीहून हिंमतरावांना बोलावून घेतलं. हिंमतराव पोकळे म्हणजे मोठं प्रस्थ. स्वतःचं गॅरेज, गळ्यात सोन्याची साखळी, आणि ठाम मताचा माणूस. त्यांनी बॉनेटमध्ये डोकं घातलं न घातलं तोच निकाल दिला.

"सायेब, खेळ खलास हाय. ह्ये बघा, ऑइलात पाणी. आन् हिकडं बघा." त्यांनी रेडिएटरच्या पाण्याची बाटली दाखवली. आतलं पाणी तांबूस तपकिरी झालेलं होतं. "पाण्यात ऑइल. दोन्हीकडनं गळतंय. हेड गॅस्केट गेलंय, इंजिन उघडावं लागंल."

"रविवारपर्यंत होईल?"

"रविवार? ह्या रविवारी तर म्या बॉनेटला हात बी लावत न्हाई, भाच्याचं लगीन हाय. आन् एक ध्यानात ठेवा. आता ष्टार्टर मारायचा न्हाई. ह्या दुधावर इंजिन फिरलं, की बेअरिंगा गेल्या."

गॅलरीतून हेमाताई सगळं ऐकत होत्या. त्या आत जाऊन भांडी जोरात लावू लागल्या, आणि पंतांना त्यातला प्रत्येक शब्द कळला.

पण त्याहून तातडीचा प्रश्न दुसऱ्या सकाळी उभा राहिला. तारीख बदलली होती, स्टार्टर मारायचा नव्हता, आणि गाडी तर पलीकडे न्यायला हवी होती. शेवटी ती ढकलत न्यायचं ठरलं. स्टिअरिंगवर पंत, मागे योगेश आणि त्याचे दोन खोलीसोबती, आणि सल्ला द्यायला रंगनाथराव. "डावीकडे! डावीकडे म्हटलं की डावीकडेच घ्यायचं असतं, पंत." पलीकडच्या क्लासला निघालेल्या पोरींनी थांबून पाहिलं, आणि एका दुधवाल्यानं सायकल भिंतीला टेकवून शांतपणे तमाशा बघितला. तो पंतांना जुन्या काळापासून ओळखत असावा, असं पंतांना त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं.

त्याच्या पुढल्या दिवशी योगेशच्या कंपनीची बस लवकर निघाली आणि ढकलायला कुणीच उरलं नाही. रंगनाथरावांची कंबर नेमकी त्याच सकाळी धरली. गाडी चुकीच्या तारखेला चुकीच्या बाजूला उभी, आणि गल्लीच्या तोंडाशी गाड्या उचलणारी क्रेन. पंत हातातला कप तसाच घेऊन धावले. क्रेनबरोबरचे हवालदार पोपटराव यांना त्यांनी परोपरीनं समजावलं, की गाडी आजारी आहे.

"आजारी आहे? म्हणजे नादुरुस्त?" पोपटरावांनी विचारलं.

"हो, तेच सांगतोय मी."

"मग तर उचलायलाच लागेल. चालती गाडी रस्त्यावर उभी करता येते. बंद गाडी रस्त्यावर ठेवता येत नाही."

"अहो, पण चालती असती तर मी ती पलीकडे नेली नसती का?"

"नेली असती. म्हणून तर चालती पाहिजे."

पंत चौकीपर्यंत गेले. तिथे त्यांनी साहेबांना अर्ज दिला, त्यात इंजिनाच्या प्रकृतीचं सविस्तर वर्णन केलं, आणि साहेबांनी तो वाचून पंतांना खुर्ची दिली. मग सांगितलं, की गाडी नादुरुस्त असल्याचं आता लेखी आलेलं असल्यामुळे काही करता येण्यासारखं नाही. मात्र आपलं वय पाहता रविवारपर्यंत थांबू. रविवारी गाडी चालती दिसली नाही तर उचलू. म्हणजे इतके दिवस जी गोष्ट फक्त हेमाताईंनी ठरवली होती, ती आता सरकारनंही ठरवली.

घरी येताना पंतांच्या मनात एक वेगळाच राग उसळला. हिंमतरावांनी एक नजर टाकून निकाल दिला, योगेशनं परदेशातल्या लोकांना विचारून दिला, रंगनाथरावांनी न बघताच दिला. नमुना कुणीच तपासला नाही. आपण एवढी वर्षं प्रयोगशाळेत काढली आणि आपल्याच इंजिनाचा निकाल दुसऱ्यांकडून ऐकून घेतला, याची त्यांना लाज वाटली. त्यांनी हेमाताईंच्या दोन वाट्या, दोन काचेचे पेले आणि एक ड्रॉपर घेतला, खाली जाऊन ऑइलचा आणि रेडिएटरच्या पाण्याचा नमुना काढून आणला, आणि स्वयंपाकघरात शिरले.

पहिला प्रयोग तव्यावर झाला. तापलेल्या तव्यावर ऑइलचा थेंब टाकला, तो फोडणीतल्या मोहरीसारखा तडतडला. म्हणजे पाणी आहेच. हेमाताई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "तो माझा पुरणपोळीचा तवा आहे." पंत म्हणाले, "शास्त्रापुढे तवा कसला." त्यावर हेमाताईंनी जे उत्तर दिलं ते इथे छापण्यासारखं नाही. उरलेलं ऑइल पंतांनी वाटीत घालून गरम पाण्यात ठेवलं, म्हणजे ते फाटून खाली पाणी साचेल. रेडिएटरचं तांबूस पाणी काचेच्या पेल्यात ओतून टेबलावर ठेवलं, म्हणजे त्यात ऑइल असेल तर वर तरंगेल. आणि ते बाहेरच्या खोलीत येरझाऱ्या घालू लागले.

तेवढ्यात रंगनाथराव वर्तमानपत्र मागायला आले आणि सवयीनं सरळ आतल्या टेबलाशी बसले. पेला पाहून त्यांचे डोळे विस्फारले. एवढ्या वर्षांच्या शेजारात मेहेंदळ्यांकडे न विचारता काही पुढ्यात आलं नव्हतं. "हेमावहिनी, आज कोकम? आणि न मागता?" असं म्हणत त्यांनी पेला उचलला.

"ठेवा! खाली ठेवा!" पंत बाहेरच्या खोलीतून ओरडत आले. "रेडिएटरचं आहे ते! विषारी असतं!"

रंगनाथरावांनी पेला हलकेच खाली ठेवला. "तरीच म्हटलं," ते म्हणाले आणि वर्तमानपत्र घेऊन निघून गेले.

या गडबडीतही पंतांची नजर पेल्यावर होती. थोडा तांबडा गाळ तळाशी बसला होता, वरचं पाणी तरीही तांबडंच होतं. वर तेलाचा एक तवंग नाही. त्यांनी टीपकागदाचं टोक बुडवून पाहिलं, तेलाचा डाग नाही. म्हणजे पाण्यात ऑइल गेलेलंच नव्हतं, ते नुसतं गंजलेलं होतं. आणि गंज कुठून आला, हे पंतांना पक्कं माहीत होतं. गाडीत घालायचं हिरवं कूलंट विकत आणायला साफ नकार देऊन त्यांनी गॅरेजच्या पोऱ्याकडून नळाचंच पाणी भरून घेतलं होतं. खडकवासल्याचं पाणी नळाला फुकट येत असताना बाटलीतलं पाणी विकत आणायचं, हे त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. त्या पाण्यावर पेठेतल्या पिढ्या वाढल्या, इंजिन काय चीज आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

मग त्यांनी वाटी पाहिली. ऑइल वर आलं होतं आणि खाली पाणी सुटलं होतं, अगदी स्वच्छ, निवळशंख पाणी. पंतांनी वाटी खिडकीशी नेली, पेल्याशेजारी धरली. रेडिएटरचं पाणी तांबडं आणि ऑइलमधलं पाणी नितळ. एकाच टाकीतली दोन दुधं अशी दिसत नाहीत, हे त्यांनी नोकरीत शंभरदा सिद्ध केलं होतं. हे पाणी रेडिएटरमधून आलेलं नव्हतं! हेड गॅस्केट निर्दोष होतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा कंजूषपणा त्यांच्या उपयोगी पडला होता.

"पण मग आलं कुठून?" पंत मोठ्यानं म्हणाले. "बाहेरून कुणी घातलं? रंगनाथ?"

"आधी जेवायला बसा," हेमाताई म्हणाल्या, "आणि पोळ्यांचं झाकण तुम्ही लावलंत का? किती वेळा सांगितलं, कोमट पोळ्यांवर घट्ट झाकण लावू नका. बघा, पाणी सुटलंय. सगळ्या ओल्या झाल्या." त्यांनी डब्याचं झाकण उलटं करून दाखवलं. आतून थेंबच थेंब.

पंत त्या झाकणाकडे बघतच राहिले. इंजिन रोज क्षणभर कोमट होत होतं आणि लगेच बंद होत होतं. नीट तापलं असतं तर आतली वाफ निघून गेली असती. तापायचंच नाही, म्हणून ती आतच निवत होती, झाकणाला धरत होती, ऑइलमध्ये घोळत होती. दररोज, न चुकता, सकाळच्या चहानंतर. दुधात पाणी घालणारा माणूस सापडला होता. तो पंतांच्या खुर्चीत बसून ओली पोळी हातात धरून होता.

त्यांना खरोखर वाईट वाटलं. त्यांनी हेमाताईंना सगळं सांगून टाकलं, एकही शब्द न वगळता. हेमाताईंनी ऐकून घेतलं, आणि "बरं झालं, पोळ्यांमुळे तरी कळलं," असं म्हणून त्यांच्या ताटात आमटी वाढली.

शनिवारी हिंमतराव आले ते थोडे फुरंगटूनच. पंतांनी त्यांना फोनवर प्रयोग सांगितले होते, आणि गाड्यांचा निकाल तव्यावर लागतो हे त्यांना मान्य नव्हतं. "माप लावू आन् बघू," म्हणत त्यांनी रेडिएटरच्या तोंडाला हवेचा पंप आणि काटा बसवला. आत दाब भरला. गॅस्केट फुटलं असेल तर काटा खाली येणार. सगळी गल्ली जमली. काटा जिथे होता तिथेच राहिला. हिंमतरावांनी बोटानं टिचकी मारली, तरीही हलला नाही.

"दाब धरतोय," ते म्हणाले. "मंग तुमचं बरोबर हाय, सायेब. वाफेचंच पाणी. पण असं व्हायला गाडी लई कमी चालाया लागती. किती चालती ही?"

"रोज चालते," पंत म्हणाले.

"रोज किती?"

पंतांनी गल्लीकडे पाहिलं. योगेश होता, रंगनाथराव होते, क्लासच्या पोरी होत्या, आणि कसे कोण जाणे, पोपटराव हवालदारही होते. पंतांनी ताठ मानेनं हात लांब करून बुचाच्या झाडाकडे बोट दाखवलं. "तिथपर्यंत."

हिंमतराव आधी समजलेच नाहीत. समजले तेव्हा ते फुटपाथवर बसून हसले. पंत मात्र ते हसू संपेपर्यंत बॉनेटला हात लावून उभे राहिले. हा प्रसंग त्यांनी धीरानं निभावला, हे रंगनाथरावांनीही नंतर कबूल केलं.

हिंमतरावांनी ऑइल बदललं, फिल्टर बदलला, रेडिएटर धुऊन हिरवं कूलंट भरलं. पंतांनी त्याचे पैसे देताना फक्त एकदा डोळे मिटले. "आता गाडी चांगली तापू द्या," हिंमतरावांनी सांगितलं. "परत आल्यावर पट्टी बघा."

"इथे उभी करून दोन तास चालू ठेवली तर?" पंतांनी शेवटचा प्रयत्न केला.

"माझ्या गॅलरीत धूर येईल," रंगनाथराव म्हणाले.

"उभ्यानं डिझेल तापत न्हाई. वझं पायजे, घाट पायजे. गाडीला बी आन् वहिनींना बी."

त्या संध्याकाळी पंतांना घास गोड लागला नाही. साताऱ्याला जायचं म्हणजे गाडी वाचणार, हेमाताईंचा शब्द राहणार, पोपटरावही गप्प बसणार. पण जागा जाणार. एवढ्या वर्षांच्या सकाळी, थंडीतल्या, पावसातल्या, तापातल्यासुद्धा, एका दिवसात वाया जाणार. रविवारी निघताना त्यांनी जागेवर तुळशीची कुंडी आणून ठेवली. तुळस हलवायला कुणी धजणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. हेमाताईंनी कुंडीकडे एकदा पाहिलं. "एक मिनिट हं," म्हणून समोरच्या इमारतीत गोडबोल्यांकडे डोकावून आल्या आणि गाडीत बसल्या.

गाडी कात्रजच्या पुढे गेली आणि पंतांना शोध लागला, की तिला चौथा गिअर आहे. खेड शिवापूरला थांबून त्यांनी पाण्याची पातळी पाहिली. खंबाटकीच्या घाटात काटा वर चढून मधोमध स्थिरावला, तेव्हा त्यांनी हेमाताईंना तो बोटानं दाखवला, आणि हेमाताईंनी काट्याऐवजी डोंगर पाहिले. साताऱ्यात कौशल्याताई गाडीभोवती फिरून म्हणाल्या, "आली बाई एकदाची." डोहाळजेवणाला जमलेल्या बायका ओटी भरून बाहेर आल्या, तेव्हा पंत बॉनेट उघडून एकेकीला पट्टी दाखवत होते. "बघा, कसं निखळ आहे. दूध नाही, काही नाही." त्यांना त्याच संध्याकाळी परतायचं होतं, कारण उघड होतं. पण कौशल्याताईंनी किल्लीच ताब्यात घेतली, आणि मुक्काम झाला.

सोमवारी सकाळी गल्लीत शिरताना पंत स्टिअरिंगवर पुढे झुकून बसले होते. बुचाच्या झाडाखाली, त्या तारखेच्या त्यांच्या जागेवर, रंगनाथरावांची लाल गाडी उभी होती. नवं कोरं कव्हर घालून.

पंतांनी हॉर्न दाबला. रंगनाथराव गॅलरीत आले. "या पंत! कसं झालं डोहाळजेवण?"

"रंगनाथराव, ही तुमची गाडी..."

"हो, माझीच. तुमची पाठ वळल्याबरोबर आणली. कालही, आजही. हेमावहिनीच म्हणाल्या, रिकामी जागा कुणा उपऱ्यानं घेण्यापेक्षा तुम्ही लावा. तुळस वर ठेवलीय, पाणी घातलंय."

पंतांनी सावकाश मान वळवून शेजारी पाहिलं. हेमाताई समोरच्या काचेतून सरळ पुढे बघत होत्या.

"अगं, तू सांगितलंस?"

"इंजिन तापलंय ना?" हेमाताईंनी विचारलं.

पंतांनी काट्याकडे पाहिलं. "तापलंय."

"मग बंद करू नका. चांदणी चौकाकडे घ्या. दिवेआगरला जाऊ. मला समुद्र बघायचाय."

"आत्ता? अगं, पण कपडे?"

"मागे दुसरी बॅग आहे. तुमचे दोन जोड आहेत, रक्तदाबाच्या गोळ्या आहेत, आणि आमोदला फोन करून कळवलंय, की बाबा गाडी चालवतायत."

मागे रिक्षावाला हॉर्न वाजवू लागला. पंतांनी झाडाखालच्या जागेकडे पाहिलं, रंगनाथरावांकडे पाहिलं, मग गिअर टाकला. गल्ली संपून गाडी मोठ्या रस्त्याला लागली.

"दिवेआगरला गाडी लावायला जागा मिळते का गं?" त्यांनी विचारलं.

"समुद्राकाठी सगळी जागाच असते," हेमाताई म्हणाल्या, आणि त्यांनी आपल्या बाजूची काच पूर्ण खाली केली.